चित्रात नसलेला पूल

माझ्या भाच्याने परवा एक खोका घरी आणला. आत एका जुन्या अमेरिकन हेरमालिकेच्या डीव्हीडी होत्या, पहिल्या भागापासून शेवटच्यापर्यंत सगळ्या. खोक्यावर टाय लावलेला एक गुळगुळीत माणूस पिस्तूल धरून उभा. "आत्या, क्लासिक आहे! तुझ्या तरुणपणातली," असं म्हणून त्याने तो खोका माझ्या मांडीवर ठेवला. जणू माझ्या तरुणपणी आमच्याकडे घरोघरी टीव्हीच होते! आम्हाला बातम्यांसाठी चावडीवरच्या रेडिओपाशी जाऊन उभं राहावं लागायचं.

भाच्याला या जुन्या मालिकांचं वेडच आहे. रविवारी दुपारी जेवणं झाली की तो पडदे ओढतो, बायकोला हाक मारतो आणि मलाही खुर्ची ओढून देतो. त्याच्यासारखे आणखी खुळे आहेत, ते एकमेकांना लांबलचक काहीबाही लिहून पाठवतात. जुन्या मालिकांची गोडी नव्यांना नाही, असं त्यांचं म्हणणं. ती गोडी कशात आहे हे मी त्यांना फुकट सांगू शकते. तिथे घोळ कितीही मोठा असो, तासाभरात निस्तरतो. निरपराध माणसावर आळ आला तर भाग संपायच्या आत तो धुऊन निघतो, आणि आळ घेणारा हात पुढे करून माफी मागतो. घरात बसून, हवं तेव्हा, हवं तितक्यांदा असला न्याय बघायला मिळाला तर कुणाला नको आहे? मलाही हवा असतो. मी बघत बसते आणि मग स्वतःवरच चिडते. कारण याच मालिकेने, या खोक्यावरच्याच माणसाने, माझ्या वडिलांचं बोलणं बंद पाडलं. भाच्याला यातलं काहीही माहीत नाही.

आमचं गाव पुणतांब्याजवळ, गोदावरीच्या काठाला. तिथे दौंड-मनमाडची गाडी पुलावरून नदी ओलांडते. गावाबाहेर मिशनची वस्ती होती, म्हणजे चर्च, लहान शाळा, साहेबाचा बंगला आणि आमच्यासारख्यांची दहा-बारा घरं. वडिलांना आम्ही आबा म्हणायचो. ते त्या शाळेत मास्तर होते. पण पंचक्रोशीत त्यांना ओळखत ते कीर्तनकार म्हणून. नगर जिल्ह्यातल्या ख्रिस्ती लोकांत कीर्तनाची चाल जुनी आहे. तेच चिपळ्या, तबला, तोच पूर्वरंग नि उत्तररंग, फक्त आख्यान आमच्या शास्त्रातलं, म्हणजे बायबलातलं. आबा कीर्तनाला उभे राहिले की शेजारच्या मळ्यांतले हिंदू शेतकरीसुद्धा घोंगड्या घेऊन येऊन बसत. मी मॅट्रिक होऊन घरी बसले होते आणि आबांच्या मागे हार्मोनियम धरायचे.

आबांची एक पद्धत होती. परक्या मुलखातलं काहीही ते परकं ठेवत नसत. यार्देन नदी म्हणजे आपली गोदावरी. यरीहोचा तट म्हणजे नगरचा भुईकोट किल्ला. उधळा पुत्र बापाचा पैसा घेऊन निघायचा तो थेट तिसगावच्या बाजाराला, आणि तिथे कुठल्या दुकानात किती भजी खाल्ली हेसुद्धा आबा सांगायचे. लोक हसून हसून लोळायचे आणि त्याच लोकांच्या डोळ्यांत थोड्या वेळाने पाणी यायचं. खोटं सांगतोय असं आबांना कधी वाटलं नाही आणि ऐकणाऱ्यालाही वाटलं नाही. गोष्ट अशीच सांगायची असते, एवढंच सगळ्यांना ठाऊक होतं.

मिशनचा साहेब अमेरिकेचा. मनाने वाईट नव्हता, हे मी आजही म्हणते. एकटा राहायचा. मराठी शिकलेला होता, पण कडक इस्त्रीची. 'मी आपला अत्यंत आभारी आहे' या थाटाची. त्याचा भाऊ तिकडे टेलिव्हिजनच्या धंद्यात होता. मालिका तिकडे दाखवून झाली की तिची काही जुनी रिळं तो भाऊ साहेबाचा वेळ जावा म्हणून बोटीने पाठवून द्यायचा. साहेबाकडे लहान प्रोजेक्टर होता. थंडीच्या दिवसांत शनिवारी दिवेलागणीला तो बंगल्याच्या मागच्या अंगणात मांडायचा आणि चुना दिलेल्या भिंतीवर हेर उमटायचा. पुणतांब्याच्या आसपास घरबसल्या अमेरिकेची मालिका बघणारे आम्हीच. आज भाचा ज्याला भाग्य समजतो ते आम्हाला पन्नास वर्षांपूर्वी लाभलं होतं.

लाभलं खरं, पण कळत काय होतं, कपाळ! सगळं इंग्रजीत. दोन माणसं खोलीत बसून बोलतायत, उठतायत, परत बोलतायत. पहिल्या शनिवारी अर्धे लोक पेंगले. दुसऱ्या शनिवारी साहेब म्हणाला, "मास्तर, आपण यांना थोडे समजावून सांगाल काय?" आबांना इंग्रजी वाचता यायचं, पण त्या लोकांचं तोंडातल्या तोंडात बोलणं त्यांनाही कळत नव्हतं. तरी ते भिंतीशेजारी उभे राहिले आणि एकदा चित्राकडे, एकदा लोकांकडे बघून त्यांनी सुरू केलं.

"मंडळी, ह्यो टायवाला गडी साधासुधा न्हाई. ह्यो सरकारचा हेर हाय. आन् ह्यो समोरचा टकल्या? त्यो दुश्मन! आपल्या गोदावरीच्या पुलावर डोळा हाय त्याचा."

अंगणातली पेंग एका क्षणात उडाली. आमच्या पुलावर! त्यानंतर जो रंग भरला तो मी शब्दांत सांगू शकत नाही. टकल्या कोपरगावच्या स्टँडवर उतरला. टायवाल्याने पुणतांब्याच्या स्टेशनात चहा पिताना त्याला ओळखलं. चित्रात ते दोघं एका मोठ्या हॉटेलात पेले घेऊन बसले होते, पण त्याने कुणाचं काही अडलं नाही. त्या रिळांत मध्येमध्ये चित्र काळं व्हायचं. तिकडे त्या जागी साबणाच्या जाहिराती लागतात, असं साहेब म्हणाला. आबांना ती काळी जागा फार आवडायची. तेवढ्यात ते आवाज खाली आणून विचारायचे, "आता काय हुईल?" आणि एक म्हातारा शेतकरी घोंगडीतून ओरडायचा, "मास्तर, पुलाखाली बघायला सांगा त्याला, पुलाखाली!" साहेब प्रोजेक्टरपाशी बसून गुडघ्यावर हात मारून हसायचा. "मास्तर, आपण फार सुंदर सांगता. मूळ गोष्टीपेक्षा आपली चांगली आहे," असं तो एकदा म्हणाला. हे वाक्य मी माझ्या कानांनी ऐकलेलं आहे.

दोन हिवाळे हे चाललं. आबांची गोष्ट शनिवारागणिक वाढत गेली. पुलाच्या कुठल्या खांबाखाली दुश्मन सुरुंग लावणार, मालगाडी किती वाजता येते, नदीला उतार कुठे आहे आणि कुठून अंधारात पलीकडे जाता येतं, हे सगळं ते बारकाईने सांगायचे. ते खरं असायचं. गोष्ट लोकांना पटायची ती त्यामुळेच. वस्तीतली पोरं दिवसभर नदीकाठी तोच खेळ खेळायची. एकाने दुश्मन व्हायचं, एकाने टायवाला, आणि आबांची वाक्यं जशीच्या तशी घोकायची.

एकाहत्तरच्या डिसेंबरात लढाई सुरू झाली. खिडक्यांना काळे कागद लागले, शनिवारचे खेळ बंद झाले, पुलावर पहारा बसला. पहाऱ्यावरची माणसं बाहेरची होती. एका सकाळी त्यांनी पोरांना पुलाखाली पकडलं. पोरं खेळत होती. पहारेकऱ्याने दरडावलं तेव्हा त्यातल्या एकाने घडाघडा सांगून टाकलं की तिसऱ्या खांबाखाली सुरुंग लावायचा, मालगाडी पुलावर आली की उडवायचा आणि उतारावरून पळायचं. हे कुणी शिकवलं? मास्तरांनी. कुठे? साहेबाच्या बंगल्यात.

आता यात कुणाचं चुकलं सांगा. पोरांचं नाही. पहारेकऱ्याचंही नाही, लढाई चालू असताना हे ऐकून मी असते तरी धावले असते. दुपारी पोलिसांची जीप आली आणि आबांना शाळेतून, मुलांच्या देखत घेऊन गेली. आई दारात पिठाच्या हातांनी उभी होती. ती म्हणाली, "गोष्टच हुती ती. साऱ्या गावानं ऐकलीया. इचारा की गावाला."

त्यांनी गावाला विचारलंच. आणि गावाने कानांवर हात ठेवले. ज्यांनी त्या अंगणात बसून पोट धरधरून हसून घेतलं होतं त्यातल्या एकाला काही म्हणजे काही आठवेना. "आमी कवातरी जायचो फौजदार साहेब, पन आमाला विंग्रजी काय कळतंय?" "मी तर लांब बसायचो." "मास्तर काय बोलायचं त्ये न्हाई ध्येनात." चर्चचे पंच, ज्यांची मुलं आबांच्या हाताखाली शिकली, तेही मूग गिळून बसले. पुलाखाली बघायला सांगणारा तो म्हातारा म्हणाला की मला ऐकूच येत नाही. भीती मला समजते. लढाईत आपला माणूस आणि परका माणूस हे ठरायला वेळ लागत नाही, आणि आमचा तर देवही परका असल्याचं लोक एरवीसुद्धा म्हणायचे. समजतं सगळं. पण मी त्यातल्या कुणालाही माफ केलेलं नाही, आणि आता करायला त्यातलं फारसं कुणी उरलेलं नाही.

तरीसुद्धा आम्हाला काळजी नव्हती, कारण साहेब होता. प्रोजेक्टर त्याचा, रिळं त्याची, आबांना भिंतीपाशी उभं केलं तेही त्यानेच. एक शब्द त्याने बोलावा, सगळं मिटेल, असं आई म्हणत होती.

साहेबाला बंगल्याच्या व्हरांड्यात विचारलं. मी आणि आई पायऱ्यांखाली उभ्या होतो, सगळं ऐकू येत होतं. अधिकाऱ्याने विचारलं, तुमच्या चित्रात गोदावरीचा पूल आहे का?

"नाही," साहेब म्हणाला.

कुठला तरी पूल?

साहेबाने डोळे मिटून विचार केला. खरंच आठवून पाहिलं त्याने. "माझ्या स्मरणाप्रमाणे, कोणताही पूल नाही."

सुरुंग? मालगाडी? नदीचा उतार?

"नाही."

मग मास्तर हे कुठून सांगत होता? तुम्ही सांगितलं होतं का?

"मी सांगितले नाही. ते त्यांचे स्वतःचे होते."

संपलं. एक अक्षर खोटं नव्हतं त्यात. त्या माणसाने आयुष्यात खोटं न बोलायचं व्रत घेतलं होतं आणि ते त्या दिवशीही पाळलं. फक्त 'मी तिथे बसून हसत होतो' हे तो म्हणाला नाही. 'यांच्याकडे गोष्ट अशीच सांगतात, हे कीर्तनकार आहेत' हेही म्हणाला नाही. त्याला कुणी ते विचारलं नव्हतं ना! त्याचा इथे राहण्याचा परवाना तेव्हा टांगणीला लागलेला होता, हे पुढे कळलं. आई पायरीवर चढून म्हणाली, "साहेब, तुमी बी हुता की तिथं." साहेब खाली बघत म्हणाला, "बाई, मी सत्य तेच सांगितले आहे." आणि आत निघून गेला.

लढाई पंधरवड्यात संपली. आबांना त्याआधीच सोडलं होतं, कारण चौकशीत निघणार काय? त्यांच्या अंगाला बोट लावलं नव्हतं, असं ते म्हणाले. त्यांना फक्त एकच गोष्ट पुन्हापुन्हा विचारली होती. ही माहिती कुठून आणली? आणि आबा सांगत होते, मी रचली. रचली म्हणजे? रचली म्हणजे मनाने केली. कशासाठी? माणूस गोष्ट कशासाठी रचतो, याचं उत्तर खुर्चीत बसलेल्या माणसाला पटेल असं कुणालाच देता येणार नाही. आबा घरी आले ते स्वतःच त्या प्रश्नात अडकून आले.

शाळेच्या पंचांनी 'वातावरण निवळेपर्यंत' घरी बसायला सांगितलं. वातावरण निवळलं, जागेवर दुसरा मास्तर आला, आबांना कुणी बोलावलं नाही. पुढच्या वर्षी पाऊस दगा देऊन गेला आणि सरकारने दुष्काळी कामं काढली. आबा खडी फोडायला गेले. मी आणि आईही गेलो. त्यांच्या शाळेत शिकलेली पोरं शेजारी बसून खडी फोडत होती. दुपारी कामावर मिळणारी सुकडी खाताना बाया म्हणायच्या, "मास्तर, सांगा की कायतरी, येळ जाईल." आबा हातोडा उचलायचे आणि परत कामाला लागायचे. त्या उन्हात मला पहिल्यांदा भीती वाटली की हे आता असंच राहणार. तोपर्यंत मला वाटत होतं की नोकरी गेली आहे. नोकरीचं काय, ती मला मिळाली, धाकट्या भावाला नगरजवळच्या नागापूरच्या कारखान्यात मिळाली, घर चाललं. गेलं होतं ते दुसरंच.

साहेबाचा परवाना शेवटी वाढला नाहीच. तो कायमचा परत निघाला तेव्हा चर्चमध्ये निरोपाचा कार्यक्रम ठेवला. हार, नारळ, भाषणं. मग पंचांपैकी कुणाला तरी प्रेमाचं भरतं आलं आणि तो म्हणाला, आता मास्तरांनी साहेबांसाठी छोटंसं कीर्तन करावं. मी हार्मोनियमपाशी गेले, भाता सोडला. वाटलं, आता सुटेल. आबा पुढे जाऊन उभे राहिले. चिपळ्या हातात घेतल्या. मग ते साहेबाकडे वळून, हात जोडून म्हणाले, "साहेब, काय बोलू त्ये तुमी आधी सांगा. तेवढंच बोलतो."

लोकांना वाटलं मास्तर नम्रपणाने बोलतायत. साहेबालाही तसंच वाटलं असावं, किंवा वाटून घेणं त्याला सोयीचं असावं. तो उठला, आबांना मिठी मारली, "प्रभू आपले भले करो" म्हणाला आणि टाळ्या पडल्या. आबांनी चिपळ्या टेबलावर ठेवल्या आणि माझ्याकडे न बघता खाली येऊन बसले.

त्यानंतर ते तीस-बत्तीस वर्षं जगले. गप्पा मारायचे नाहीत असं नाही. भाव विचारायचे, औषधाची वेळ सांगायचे. पण गोष्ट नाही. नातवंडं मांडीवर बसून हट्ट करायची तेव्हा ते पुस्तक काढायचे आणि छापलंय तेवढं वाचायचे, शब्दाला शब्द, आणि पान संपलं की चष्मा काढून ठेवायचे. भाच्याने एकदा विचारलं होतं, राक्षस कुठे राहतो? आबा म्हणाले, "इथं लिहिलेलं न्हाई." पूर्वीचे आबा असते तर त्या राक्षसाला त्यांनी पुलाच्या अलीकडे, वडाखाली घर बांधून दिलं असतं.

या डीव्हीडींना खाली अक्षरं येतात, त्यामुळे आता मला सगळं कळतं. टायवाला काय म्हणाला, टकल्या काय म्हणाला. त्या रिळातला भाग मला परवा सापडला, तेच हॉटेल, तेच पेले. पूल नाही. दोन माणसं कसल्याशा यंत्राच्या सूत्रावरून घासाघीस करतात, एक बाई येते, एक जण मरतो. पाणचट आहे सगळं. भाचा म्हणाला, "काय जमवलंय ना?" मी म्हटलं, हो. त्याला काय सांगणार होते मी? की याच चित्रावर तुझ्या आजोबांनी अख्खं अंगण श्वास रोखून धरायला लावलं होतं?

आबांना पुरलं त्या दिवशी चर्च भरलं होतं. जुने पंच पहिल्या बाकावर होते, म्हातारे, काठ्या टेकवून. पास्टर नवीन होते, तरुण, दोनच वर्षांपूर्वी बदलून आलेले. आबांबद्दल चांगलं बोलायचं म्हणून त्यांना सुचलं ते बोलले. मास्तर शांत स्वभावाचे होते, म्हणाले, मितभाषी होते, देवाने त्यांना मौनाची देणगी दिली होती. पहिल्या बाकावरच्या माना हलल्या. एकूण एक हलली.

आई माझ्या शेजारी बसली होती. ती उठली नाही, आवाजही चढवला नाही, पण चर्चमध्ये सगळ्यांना ऐकू गेलं.

"देणगी न्हाई," ती म्हणाली. "गप केलं त्यांना."

पहिल्या बाकावरून कुणी मागे वळून पाहिलं नाही. मग पास्टरांनी पुढच्या गीताचा क्रमांक सांगितला आणि सगळे उभे राहिले.